लेक परदेशी शिकायला गेली : पहिले तीन महिने



दसरा सरला की आपल्या केज तालुक्यात गावोगाव ट्रक-ट्रॅक्टर उभे राहतात. तवा, परात, ज्वारीचं पोतं, गोधड्या, कोयते असा सगळा संसार गाडीत चढतो आणि पाच-सहा महिन्यांसाठी जोडपी ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. नव्या जागी उतरल्यावर बाई आधी काय बघते? पाणी कुठं आहे, कोपी कुठं उभी करायची, शेजारी कोण, किराणा कुठं मिळतो, दवाखाना किती लांब. संध्याकाळपर्यंत तिची चूल पेटलेली असते. परक्या मुलखात बिऱ्हाड मांडायची विद्या आपल्या भागातल्या बाईला कुणी शिकवावी लागत नाही.

आज याच विद्येबद्दल बोलायचं आहे, पण जरा लांबच्या मुलखाच्या. आता आपल्या जिल्ह्यातली मुलं-मुलीही शिष्यवृत्ती मिळवून किंवा बँकेचं कर्ज काढून परदेशी शिकायला निघतात. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त, आदिवासी यांच्यासाठी त्या त्या विभागाच्या आणि मराठा-कुणबी मुलांसाठी सारथीच्या योजना आहेत. अटी वर्षागणिक बदलतात, म्हणून ऐकीव माहितीवर न राहता बीडच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारावं. पण शिष्यवृत्ती कशी मिळवायची हा आजचा विषय नाही. विमान उतरल्यावर काय, हा आजचा विषय आहे.

ऊसतोडीला जाताना आपली टोळी सोबत असते. ही पोरगी एकटी जाते. आणि तिच्या पाठीमागे घरी एक फोन असतो, आपला. त्या फोनवर आपण काय विचारतो, यावर ती खरं सांगणार की लपवणार हे ठरतं. पहिल्या तीन महिन्यांत तिला सगळ्यात जास्त गरज असते ती खरं सांगता येण्याची. तेवढी एक गोष्ट मनात धरून पुढचं ऐका.

पहिली कोण गेली?

ही वाट आपल्या महाराष्ट्रातल्या एका मुलीनं फार आधी तुडवली आहे. आनंदीबाई जोशी. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला निघाल्या. चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि ते मूल दहा दिवसांत गेलं, म्हणून डॉक्टर व्हायचं त्यांनी मनात घेतलं होतं. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला. सोबत नवरा नाही, नातेवाईक नाहीत. न्यूयॉर्कला उतरल्यावर कार्पेंटर नावाच्या बाईंनी त्यांना आपल्या घरी नेलं, लेकीसारखं ठेवलं. पुढं फिलाडेल्फिया शहरात बायकांच्या वैद्यकीय कॉलेजात त्या शिकल्या आणि मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या.

हा झाला अभिमानाचा भाग. दुसरा भाग आपण कमी सांगतो. तिथली थंडी आनंदीबाईंना सोसली नाही. परक्या मुलखातलं खाणं अंगी लागेना. नऊवारी लुगड्यात पिंढऱ्या उघड्या राहायच्या, म्हणून लुगडं नेसायची पद्धत बदलावी लागली. राहायच्या खोलीतली शेगडी नीट नव्हती. पेटवली तर धूर, विझवली तर गारठा. अभ्यासाचा ताण तर होताच. शरीर खंगत गेलं, क्षय झाला. १८८६ च्या शेवटी त्या मायदेशी परतल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या विभागाची जागा त्यांची वाट बघत होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

बुद्धी कमी पडली नाही, जिद्द कमी पडली नाही. कमी पडली ती ऊब आणि पोटाला मानवेल असं अन्न. म्हणून मी म्हणते, परदेशात रुळायचं म्हणजे आधी इंग्रजी नव्हे. आधी अंगावर गरम कपडा, पोटात अन्न, डोक्यावर नीट छप्पर आणि अडीनडीला हाक मारता येईल असं एक माणूस. बाकीचं त्यानंतर.

आज औषधं आहेत, फोन आहे, विमान आहे. तरी या चार गोष्टी बदललेल्या नाहीत. आता आपण इंग्लंडचं उदाहरण घेऊन एकेक पायरी बघू. दुसऱ्या देशात नियम वेगळे असतील, पण पायऱ्या याच.

निघण्याआधी

इंग्लंडला सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला जायचं तर भारतातून जाणाऱ्याला क्षयरोगाची तपासणी सक्तीची आहे. छातीचा एक्स-रे काढतात. ही तपासणी ठरवून दिलेल्या दवाखान्यातच करावी लागते, आणि ते दवाखाने मोठ्या शहरांत आहेत. तो दाखला सहा महिने चालतो. आनंदीबाईंना ज्या आजारानं नेलं, त्याची तपासणी आज निघण्याआधीच होते. ही चांगलीच गोष्ट आहे, ती कटकट समजू नका.

व्हिसा काढतानाच तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे पैसे भरून घेतात. विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, म्हणजे पाऊण लाखाच्या वर रुपये. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढं त्याचा उपयोग आहे. पैसे आधीच भरलेत, मग आजार अंगावर काढायचं कारण नाही.

आता बॅग. इथं आपला, म्हणजे घरच्या बायकांचा, अधिकार चालतो. पण प्रेमापोटी चूक होते. भारतातून इंग्लंडमध्ये दूध-दुभत्याचे पदार्थ आणि मांस न्यायला मनाई आहे. म्हणजे साजूक तूप नाही, खवा नाही, कुंथलगिरीचे पेढे नाहीत, बेसनाचे तुपातले लाडू नाहीत. विमानतळावर काढून घेतात. ताजी फळं, भाजीपाला, बियाणं यांनाही कडक नियम आहेत. ते न्यायचंच नाही, म्हणजे प्रश्न नाही. मग काय द्यायचं? शेंगदाण्याची चटणी, जवसाची, कारळाची चटणी, काळा मसाला, मेतकूट, भाजलेल्या पिठाचं तयार मिश्रण. सगळं घट्ट बंद करून, वर नाव लिहून. डाळ-तांदूळ, पीठ पोतंभर देऊ नका. इंग्लंडच्या मोठ्या शहरांत भारतीय किराण्याची दुकानं आहेत, डाळी मिळतात, शोधलं तर ज्वारीचं पीठही मिळतं. त्या वजनात एक छोटा कुकर, तवा आणि लोकरीचे कपडे बसवा. जाड कोट मात्र तिथं घेतलेला बरा. तिथल्या थंडीला आणि पावसाला तोच पुरतो. वापरलेले कपडे स्वस्तात विकणारी धर्मादाय दुकानं तिथं गल्लोगल्ली असतात, त्यात लाज काही नाही.

बॅगेपेक्षा महत्त्वाची आहे कागदांची पिशवी. पासपोर्ट, कॉलेजचं प्रवेशपत्र, क्षय तपासणीचा दाखला, गुणपत्रकं, राहायच्या जागेचा पत्ता, डॉक्टरनं लिहून दिलेली औषधं आणि त्याची चिठ्ठी. हे सगळं हातातल्या पिशवीत, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत नाही. प्रत्येक कागदाची एक प्रत घरी ठेवा. इंग्लंडचा व्हिसा आता ऑनलाइन असतो, त्याचं खातं कसं उघडायचं हे तिनं इथंच एकदा करून बघावं.

आणि एक गोष्ट हमखास विसरते. तिचं इथलं सिम कार्ड बंद पडू देऊ नका. इथल्या बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. नंबर बंद झाला की पैसे आहेत पण काढता येत नाहीत, अशी गत होते. ते रिचार्ज करत राहणं हे घरच्यांचं काम.

पहिला पंधरवडा

उतरल्यावर पहिल्या दिवशी एकच करायचं : पोहोचल्याचं कळवायचं, खायचं आणि झोपायचं. आपल्याकडं रात्र असते तेव्हा तिथं संध्याकाळ असते, शरीराला ते समजायला काही दिवस लागतात.

मग कामं क्रमानं. कॉलेजात जाऊन नावनोंदणी. तिथलं सिम कार्ड. बँकेचं खातं. खातं निघायला कधी कधी काही आठवडे लागतात, म्हणून तेवढे दिवस पुरतील इतके पैसे परकीय चलनाच्या कार्डावर हवेत. आणि डॉक्टरकडं नाव नोंदवणं.

हे डॉक्टरचं नीट समजून घ्या, कारण आपल्याकडं पद्धत वेगळी आहे. आपण ताप आला की केजच्या दवाखान्यात जाऊन नंबर लावतो. तिथं राहत्या भागातल्या एका डॉक्टरकडं आधी नाव नोंदवून ठेवावं लागतं. नोंदणीला पैसे पडत नाहीत. मग दुखलं-खुपलं की वेळ घेऊन त्यांच्याकडंच जायचं. तातडीचं नसेल पण सल्ला हवा असेल तर १११ नंबर लावायचा. जिवावर बेतलं तर ९९९. निरोगी असतानाच नाव नोंदवून ठेवलं तर आजारपणात धावाधाव होत नाही. पहिल्या महिन्यातच लेकीला विचारा, “डॉक्टरकडं नाव घातलंस का?” हा प्रश्न “जेवलीस का?” इतकाच महत्त्वाचा आहे.

राहायला कॉलेजचं वसतिगृह मिळालं तर पहिलं वर्ष तेच बरं. बाहेर खोली घ्यायची तर न बघता पैसे पाठवायचे नाहीत. फोटो सुंदर असतात आणि खोली कधी कधी नसतेच. इंग्लंडमध्ये साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घेता येत नाही आणि ती रक्कम तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करावी लागते. मालक याला का-कू करत असेल तर ती खोली सोडून द्यावी.

घरातल्या बारीकसारीक गोष्टींनीही गोंधळ होतो. संडासात पाणी नसतं, कागद असतो. एक मग जवळ ठेवावा. नळाचं पाणी सरळ पिता येतं. विजेची बटणं इथल्यासारखी चालतात, पण पिना चौकोनी असतात, म्हणून जोडपिन लागते. आणि फोडणी! आपली मिरचीची, लसणाची खमंग फोडणी पडली की छताला लावलेली धुराची घंटा वाजते आणि अख्खी इमारत रस्त्यावर येऊन उभी राहते. एकदा असं झालं की पोरगी शरमेनं स्वयंपाकच सोडून देते आणि पावावर दिवस काढते. तिला आधीच सांगा : खिडकी उघड, धूर ओढणारा पंखा लाव, तेल कमी तापव, आणि घंटा वाजलीच तर माफी मागून मोकळी हो. पण घंटेवर कापड बांधू नकोस, तो गुन्हा ठरू शकतो आणि आगीचा धोका आहेच.

थंडी आणि अंधार

थंडीचं सगळे सांगतात, अंधाराचं कुणी सांगत नाही. डिसेंबरात लंडनमध्ये सकाळी आठच्या सुमाराला उजाडतं आणि दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. जेवढा उजेड आहे त्यातही ढग. आपण बालाघाटाच्या उन्हात वाढलेली माणसं. ऊन नकोसं वाटतं असं म्हणणाऱ्या मुलीला तिथं ऊन नाही म्हणून रडू येतं, आणि का रडू येतंय हेच तिला कळत नाही.

त्याला उपाय आहेत. उजेड असेल तेव्हा रोज अर्धा तास बाहेर चालायचं, पाऊस असला तरी. थंडीच्या दिवसांत रोज ‘ड’ जीवनसत्त्वाची गोळी घ्यावी, असा तिथली सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांनाच सल्ला देते. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या माणसांनी तर ती वर्षभर घ्यायचा विचार करावा असं सांगतात. खोलीत ओले कपडे वाळत घातले की भिंतीला बुरशी धरते, म्हणून रोज थोडी खिडकी उघडायची.

आणि खोली गरम करायची. इथं मी पुन्हा आनंदीबाईंची आठवण करून देते. तिथं एक चहा तीन पौंडाला मिळतो. पौंडाला शंभरच्या वर रुपये पडतात. म्हणजे चहा तीनशेच्या पुढं! हा हिशेब डोक्यात बसला की आपली काटकसरी मुलगी चहा सोडते, ते ठीक. पण मग कोट घेत नाही, हीटर लावत नाही, एक वेळचं जेवण टाळते. घरच्यांचा पैसा वाचवला म्हणून मनातल्या मनात समाधान मानते. तिला स्पष्ट सांगा, ऊब आणि अन्न यात काटकसर करायची नाही. बाकी सगळ्यात कर. फडावर निघताना आपण पहिल्यांदा ज्वारीचं पोतं गाडीत टाकतो, तसंच हे.

वर्गात बसल्यावर

आपल्याकडं सरांसमोर गप्प बसणं म्हणजे शिस्त. तिथं गप्प बसणाऱ्याला काही कळलं नाही असं समजतात. शिक्षकांना नावानं हाक मारतात, प्रश्न विचारतात, “मला हे पटत नाही” असंही म्हणतात. हे उर्मटपण नाही, ती तिथली रीत आहे. पहिले काही आठवडे तिथल्या लोकांचं बोलणं वेगानं कानावरून जातं. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलीला वाटतं आपल्यालाच येत नाही. “परत सांगाल का?” एवढं एक वाक्य तिनं न लाजता वापरावं. हळूहळू कान तयार होतो.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. पुस्तकातला किंवा इंटरनेटवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून दिला तर तिथं ती चोरी धरतात. आपल्याकडं पाठ करून जसंच्या तसं लिहिण्याला शाबासकी मिळते, तिथं त्यासाठी नापास करतात, कधी काढूनही टाकतात. कुठून घेतलं ते लिहायचं आणि स्वतःच्या शब्दांत लिहायचं. कसं लिहायचं हे शिकवणारे वर्ग कॉलेजातच असतात.

आणि हजेरी. वर्गाला सतत दांडी मारली तर कॉलेज ते सरकारला कळवतं आणि व्हिसा रद्द होऊ शकतो. आजारी असली तर कळवून रजा घ्यावी, नुसतं खोलीत पडून राहू नये.

पैसा आणि काम

विद्यार्थी व्हिसावर पदवीचं शिक्षण घेणाऱ्याला कॉलेज चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम करता येतं. दुकानात, हॉटेलात, कॉलेजच्या ग्रंथालयात. स्वतःचा धंदा करायला परवानगी नसते. दुसऱ्याच्या नावाचं खातं भाड्यानं घेऊन घरपोच जेवण पोहोचवण्याचं काम काही मुलं करतात; तो सरळ नियमभंग आहे. सापडलं तर शिक्षणही गेलं आणि कर्ज तेवढं डोक्यावर राहिलं.

इथं आपली जबाबदारी येते. उचल घेऊन ऊसतोडीला गेलेल्या बाईला माहीत असतं, की उचल फिटेपर्यंत अंग दुखलं तरी फडात उभं राहावं लागतं, खाडा केला तर पैसे कापतात. शिक्षणाचं कर्ज हीसुद्धा एक उचलच आहे. गेल्या-गेल्या पहिल्याच महिन्यात घरून विचारणा सुरू झाली, “काम लागलं का? अमक्याच्या पोरानं तर पैसे पाठवले,” की मुलगी वीसचे तीस तास करते, रात्रपाळी धरते, वर्गात झोपते. आपण तिला नियम मोडायला सांगत नाही, पण त्या दिशेला ढकलतो. अमक्याचा पोरगा किती वर्षांपूर्वी गेला, कुठल्या व्हिसावर गेला, हे आपल्याला माहीत नसतं. शिकायला गेलेल्या मुलीचं पहिल्या वर्षीचं काम शिकणं. वरखर्च सुटला तरी पुष्कळ झालं. हा निर्णय निघण्याआधी घरात बसून, बापासमोर, भावासमोर बोलून टाकावा.

शिष्यवृत्तीवर गेलेल्यांनीही पहिल्या काही महिन्यांचे पैसे वेगळे ठेवावेत. हप्ता उशिरा आला तर कुणापुढं हात पसरावा लागत नाही. शिवाय अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी बऱ्याच विद्यापीठांत मदतनिधी असतो. तो मागणं म्हणजे भीक नाही.

फसवणूक : तिची आणि तुमची

नव्या माणसाला फसवणारे सगळीकडं असतात. दोन प्रकार लक्षात ठेवा.

पहिला तिच्यासाठी. कुणीतरी ओळख काढतं आणि म्हणतं, “तुझ्या खात्यावर थोडे पैसे टाकतो, पुढं पाठव, तुला कमिशन देतो.” ते पैसे चोरीचे असतात. खातं तिचं, म्हणून पोलीस तिला धरतात, बँक खातं बंद करते. आपलं खातं कुणालाही वापरायला द्यायचं नाही, ओळखीच्या मराठी माणसालाही नाही.

दुसरा तुमच्यासाठी. फोन येतो, “तुमची मुलगी पोलिसांच्या ताब्यात आहे, लगेच पैसे पाठवा.” मागून रडण्याचा आवाजही येतो. आई घाबरून दागिने गहाण ठेवते. यावर साधा उपाय : घरात एक खुणेचा शब्द ठरवा. आजीचं टोपणनाव, बैलाचं नाव, काहीही. खरी अडचण असेल तर लेक तो शब्द सांगेल. फोन ठेवा, तिच्या नंबरवर स्वतः लावा. नाही लागला तर तिच्या मैत्रिणीला, कॉलेजला लावा. हे नंबर घरच्या वहीत लिहिलेले असावेत, नुसते मोबाइलमध्ये नकोत. इंग्लंडचे पोलीस फोनवर पैसे मागत नाहीत. पैसे गेलेच तर १९३० या नंबरवर लगेच तक्रार करा. आणि परदेशात खरंच अडचण आली तर भारत सरकारचा दूतावास आहे, ‘मदद’ नावाची ऑनलाइन तक्रार सोयही आहे.

एक माणूस तरी हवं

बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला शिकायला गेले. तिथं त्यांना नवल भथेना नावाचा पारशी मित्र भेटला. ती दोस्ती जन्मभर टिकली. पुढं १९२० मध्ये अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला परत जायचं झालं, तेव्हा शाहू महाराजांनी मदत केली आणि याच मित्रानं उसने पैसे दिले. लंडनमध्ये बाबासाहेबांनी अर्धपोटी राहून ग्रंथालयात दिवस काढले. १९२१-२२ मध्ये ते ज्या घरात राहिले, ते किंग हेन्री रोडवरचं घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये विकत घेतलं. आता तिथं स्मारक आहे. आपलं लेकरू लंडनच्या आसपास असेल तर एखाद्या रविवारी तिथं जाऊन यावं, मनाला बळ येतं. आणि या साऱ्या काळात मुंबईत रमाबाई हलाखीत संसार ओढत होत्या, हेही विसरायचं नाही. शिकायला एक जण जातं, झळ घरभर लागते.

सांगायचं काय, तर बाबासाहेबांसारख्या माणसालाही परमुलखात एक मित्र लागला. आनंदीबाईंना कार्पेंटरबाई लागल्या. लेकीलाही लागणार. लंडनमध्ये १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती-दिवाळी होते. तिथं जावं. पण नुसत्या आपल्या माणसांत राहू नये. वर्गातली एक मैत्रीण दुसऱ्या देशाची असावी. तीही नवीनच असते, तिलाही घर आठवत असतं.

आपला फोन

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा. पहिले दोन-तीन आठवडे मुलगी खुशीत असते. फोटो पाठवते. मग ते नवेपण सरतं. तिथं कॉलेज सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतं, म्हणजे मन उतरायला लागतं ते नेमकं दिवाळीच्या तोंडावर. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागं जातात आणि संध्याकाळ एकदम लवकर येते. इथं आपण व्हिडिओ कॉलवर पणत्या दाखवतो, फराळ दाखवतो, “तू असतीस तर!” म्हणतो. ती हसते, फोन ठेवते आणि रडते.

असं वाटणं हा आजार नाही. नव्या जागी रोप लावलं की चार दिवस मान टाकतंच. पण काही खुणा दिसल्या तर मात्र सावध व्हा : फोन टाळते, दिवसा झोपते, वर्गाला जात नाही, खाणं सुटलंय, प्रत्येक वेळी नुसतं “सगळं छान” म्हणते, किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलून जाते. तेव्हा रागावू नका, “आम्ही एवढं कर्ज काढलं” हे तर अजिबात बोलू नका. कॉलेजात मनाच्या त्रासासाठी मोफत सल्ला मिळतो, डॉक्टर आहेत. इंग्लंडमध्ये ११६ १२३ हा नंबर रात्रंदिवस मोफत चालतो, पलीकडं ऐकून घेणारं माणूस असतं. तिला तिकडं जायला धीर द्या.

फोनची वेळ ठरवून घ्या. आपल्या रात्री साडेनऊला तिथं उन्हाळ्यात संध्याकाळचे पाच आणि हिवाळ्यात चार वाजलेले असतात. रोज तासभर बोलण्यापेक्षा दिवसाआड पंधरा मिनिटं बरी. घरात दुःखाची बातमी असेल तर लपवू नका; तुम्ही लपवलंत तर तीही लपवायला शिकते. आणि कधीतरी तिच्याशी एकटीनं बोला, सगळ्या घरासमोर नाही. सगळ्यांसमोर कुणी “मला जमत नाहीये” म्हणत नाही.

“कसं चाललंय?” असं विचारलं की “बरं” एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी असं विचारा : आज काय शिजवलंस? खोली गरम आहे का? आज कुणाशी बोललीस? या आठवड्यात काय जड गेलं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आल्यावर लगेच उपदेश करू नका. नुसतं “हो का माय, मग?” एवढं म्हणा आणि ऐका.

आणि एक वाक्य तिला निघतानाच द्या, बॅगेतल्या चटणीसारखं : “नाही जमलं तर परत ये, घर तुझंच आहे.” काही जणींना वाटतं, असं बोललं तर पोरगी ढिली पडेल. माझा विश्वास उलटा आहे. मागं दार उघडं आहे हे माहीत असलं की माणूस पुढं धीरानं चालतं. दार बंद आहे असं वाटलं की ते आजार लपवतं, कर्ज लपवतं, फसवणूक लपवतं.

पुढच्या बैठकीत बचत गटाच्या वहीत एक पान यासाठी काढा. गावातून कुणाची लेक, कुणाचा लेक बाहेर शिकायला आहे त्यांची नावं घाला. पुण्याला असो, दिल्लीला असो की लंडनला. त्यांच्या आयांना महिन्यातून एकदा विचारा, पोर कशी आहे आणि तू कशी आहेस. लांब गेलेल्या लेकराची आईही परक्या मुलखातच असते, घरात बसून. तिलाही टोळी लागते. ती टोळी आपण होऊ.